केव्हा, किती आणि काऊन

मागच्या पावसाळ्यात, जुलैचा दुसरा आठवडा असेल, आईचा शुभ सकाळचा फोटो पहाटे ३ वाजून ४१ मिनिटांनी आला.

आमच्या घरच्या ग्रुपवर आईचा फोटो रोज येतो. गुलाब, चहाचा कप, उगवता सूर्य, खाली एखादी ओळ. आणि तो सहा ते सव्वासहाच्या मधात येतो म्हणजे येतोच, कारण सहाला नळ येतो, पाणी भरून झालं की ती चहा मांडते आणि चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला टेकून फोटो टाकते. दादा पुण्याहून अंगठा देतो, वहिनी हात जोडते, मी मेट्रोत बसल्यावर बघते. त्यावर काय लिहिलेलं असतं ते मी कित्येक महिन्यांत वाचलेलं नाही. पण त्याची वेळ माझ्या डोक्यात कुठंतरी रोज नोंदल्या जात होती हे मला त्या दिवशी कळलं, कारण तो ३:४१ चा आकडा बघून माझ्या पोटात खड्डाच पडला.

दुसऱ्या दिवशी ३:१२. मग एक दिवस बरोबर सहा दहाला आला आणि मला हायसं वाटलं, मग पुन्हा २:५६. बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दादाला फोन केला तर तो म्हणाला, अगं झोपेत चुकून दाबल्या गेलं असेल. आईला फोन केला, झोप लागते ना गं नीट, तर ती म्हणाली, "हाव, लागते ना. काऊन?"

बाहेरच्यांसाठी सांगते, काऊन म्हणजे का. आमच्याकडे नागपुरात, सगळ्या विदर्भातच म्हणा, नुसतं तुटक 'का' फार कमी ऐकू येतं, काऊन विचारतात, आणि ते विचारताना माणसाची मान थोडी तिरपी होते, तो उत्तरासाठी थांबतो. आईच्या त्या काऊनला मी उत्तर दिलं नाही. "काही नाही, सहजच" म्हणून फोन ठेवून दिला.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलिंगला आहे. जुलै-ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे डेंगूचा सिझन, सकाळी साडेसातपासून सीबीसी, प्लेटलेट, एनएस-वन अशा रक्ताच्या तपासण्या, लोकं काउंटरवर अंगावर येतात कारण त्यांच्या घरी कोणीतरी तापानं फणफणलेलं असतं, त्यांचंही चुकत नाही. तर आईकडे जाऊ जाऊ म्हणता दोन आठवडे गेले. वासुदेवनगरहून मनीषनगर म्हणजे काही दूर नाही, ॲक्वा लाईननं सीताबर्डी, तिथं गाडी बदलली की ऑरेंज लाईननं उज्ज्वलनगर, पुढं ऑटो. तरी गेले नाही. रोज रात्री तिचं लास्ट सीन मात्र बघत होते, अंथरुणात पडून, एकदा अकराला, एकदा साडेअकराला, आणि मग मधेच जाग आली तर तेव्हाही.

आणि वाचत होते. फोनच्या वापरावरून माणसाचं मन कळतं का, असं काहीबाही टाईप करून जे सापडेल ते.

सापडलं ते असं की २०१३ साली अमेरिकेतल्या राईस युनिव्हर्सिटीच्या आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च एशियाच्या लोकांनी मिळून मूडस्कोप नावाचं एक काम केलं. ३२ लोकं घेतली, दोन महिने. त्यांनी दिवसातून चार वेळा फोनमध्ये आपला मूड भरायचा, म्हणजे मन खुशीत आहे की नाराज हे एक, आणि अंगात उत्साह आहे की मरगळ हे दुसरं. बाकी फोन आपला मागून मोजत होता, किती कॉल, किती मेसेज, किती ईमेल, कोणतं ॲप उघडलं, कोणती साईट बघितली, माणूस कुठं कुठं गेला. काय बोलला, काय लिहिलं याला हात लावला नाही. आणि तेवढ्यावरून त्या माणसाचा दिवसाचा मूड ओळखता आला. सगळ्यांना एकच फॉर्म्युला लावला तेव्हा ६६ टक्के बरोबर, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या सवयी दोन महिने शिकून घेतल्यावर ९३ टक्के.

हे वाचून मी उठून बसले. मला त्यातलं तंत्र काही कळत नाही पण हे कळलं, कारण मीही तर तेच केलं होतं, फोटो न वाचता नुसती वेळ बघितली होती. आणि ६६ चे ९३ कशानं झाले यावर मी बराच वेळ अडकले. म्हणजे एका माणसाची उदासी आणि दुसऱ्या माणसाची उदासी फोनमध्ये एकसारखी दिसतच नाही. माझी मावशी मन लागत नसलं की एकामागे एक दहा जणींना फोन लावते. दादा तसल्या वेळी कोणाचाच उचलत नाही. दोघांना एका मापानं मोजलं तर एकाचं चुकणारच.

मग दुसरा अभ्यास सापडला, २०१५ चा, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचा. २८ लोकांचा दोन आठवड्यांचा डेटा. ज्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं होती त्यांचा फोन दिवसाला सरासरी ६८ मिनिटं वापरात होता, ज्यांच्यात नव्हती त्यांचा १७ मिनिटं. शिवाय जीपीएसवरून असं दिसलं की ज्यांचं येणंजाणं थोड्याच जागी अडकून पडलंय आणि ज्यांच्या दिवसाला रोजची अशी लय राहिलेली नाही, त्यांच्यात लक्षणं जास्त. मी तो 'लय' शब्द वाचला आणि मला सहा दहा, तीन एक्केचाळीस, दोन छप्पन असे सगळे आकडे डोळ्यांपुढे ओळीनं दिसायला लागले. २८ लोकांवरून काही साऱ्या जगाचा निकाल लागत नाही हे दिवसा उजेडी मला समजतं. रात्री साडेबाराला नाही समजत.

त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. ही टेली-मानस, सरकारची मोफत लाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास असते आणि आपल्या भाषेत बोलता येतं. ज्या ताई बोलल्या त्यांनी शांतपणे एक एक विचारलं, आई जेवतात का, आंघोळ वगैरे वेळेवर, शेजारी जातात का, बोलता बोलता रडू येतं का. मी जे माहीत होतं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, इतक्या पहाटे त्या फोनवर बघतात तरी काय? मला माहीत नव्हतं. विचारलंत का त्यांना? नव्हतं विचारलं. जगातल्या दोन युनिव्हर्सिट्यांनी काय शोधलं ते मला आकड्यांसकट पाठ झालं होतं आणि माझी आई पहाटे काय बघते ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी लॅबमधून सरळ तिच्याकडे गेले. रात्री तिच्याजवळच झोपले. पाऊस लागून होता, मागच्या रिकाम्या प्लॉटवर बेडकं नुसती ओरडून राहिली होती. अडीचच्या सुमारास जाग आली ती उजेडानं. आई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती, फोन दोन्ही हातांत धरलेला, प्रसादाचा द्रोण धरतात तसा. तिच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमागं बाबांचा जुना पासपोर्ट साईझ फोटो आहे आणि घडी केलेली दहाची नोट. ती स्क्रीनला एका बोटानं दाबते, दाराची बेल दाबावी तशी जोर देऊन, आणि दाबलं की बोट उचलून थोडा वेळ वाट बघते.

"आई, काय करून राहिली गं?"

दचकलीच. फोन पालथा केला. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, परत सरळ केला.

"काही नाही गं. गाडी पाहून राहिली."

मी सरकून तिच्या खांद्याशी गेले. गाडी कुठवर आली ते दाखवणारं ॲप होतं. एक उभी रेघ, तिच्यावर एकाखाली एक स्टेशनं, काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, आणि आमल्याच्या खाली एक खूण अगदी हळू सरकत होती.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण ते रिटायर झाले ते गार्ड म्हणूनच. मालगाडीला टाईमटेबल नसतं, तिला वाट मिळेल तेव्हा ती निघते. अजनीच्या क्वार्टरमध्ये असताना कॉल बॉय सायकलवर यायचा, फाटक वाजवायचा, बुकात सही घ्यायचा, मग रात्रीचे अकरा असोत की पहाटेचे तीन. बाबा उठून डबा-टॉर्च घेऊन निघाले की आम्ही पोरं कूस बदलून झोपून जायचो. आई झोपायची नाही हे मला बेचाळिसाव्या वर्षी त्या रात्री कळलं. ती अंधारात पडून हिशेब करायची. आता काटोल आलं असन. आता नरखेड. बैतूलच्या पुढं मरामझिरी ते धाराखोह घाट आहे, चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं इतका तो कडक, आणि पावसाळ्यात त्या घाटाशी तिचा जीव अडकून राहायचा. घाट उतरली असन इतका वेळ गेला की मग तिला झोप लागायची.

"तेव्हा अंदाजानं पाहो मी," आई म्हणाली. "आता फोनात दिसते."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं की आई, पण आता बाबा नाहीत ना त्या गाडीत. नाही म्हटलं. तिनंच आपणहून म्हटलं, "मालगाडी नाही दाखवत हे. मग सवारी गाडीच पाहते. त्यातही गार्ड असतेच ना मागच्या डब्यात. त्याच्या घरचं कोणी जागं असन."

मग आम्ही दोघी बघत बसलो. ती खूण सरकायची, थांबायची, मधेच नेटवर्क जायचं. मी विचारलं, आणि तो शुभ सकाळचा फोटो? तर म्हणाली, "घाट उतरली का टाकून देते अन् झोपते. मग सहाले उठते नळ भरायले."

म्हणजे ज्या ३:४१ नं मी दोन आठवडे घाबरून होते ती तिची जागी असल्याची वेळ नव्हती, ती झोपायची वेळ होती. आकडा एकदम खरा होता. मी त्यातून काढलेला अर्थ उलटा होता.

यात काळजीचं काही नव्हतं असं मात्र मी म्हणत नाही. नवरा जाऊन सात महिने झालेली बाई रात्री अडीचला उठून बसते तेव्हा ते दुःखच असतं, त्याला दुसरा शब्द नाही. डॉक्टरांकडे नेलं, बीपी, थायरॉईड, शुगर सगळं बघितलं, झोपेबद्दल बोललो. डॉक्टरांनी तिला विचारलं की गाडी बघून बरं वाटतं की जीव जास्त घाबरतो. ती म्हणाली, बरं वाटते. मग ते म्हणाले की मग बघा, पण दुपारी इतकं झोपू नका आणि संध्याकाळी पायी फिरून या. तिचं सध्या तसं चालू आहे.

या सगळ्यानंतर मला माझ्याच फोनबद्दल कुतूहल वाटायला लागलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्याच्या चौकटीत मी दुधाचा हिशेब लिहिते, एक लिटर, दीड लिटर. ऑगस्टपासून दुधाच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायला लागले, कोणतं ॲप, किती वाजता, आणि शेवटी एकच अक्षर, का. काऊन त्या चौकटीत मावत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नाही, कारण 'का'च्या पुढं मला उत्तरच सुचायचं नाही. हात आधी जातो. मेट्रो सुभाषनगर सोडते, बाहेर अंबाझरी तलावाचं पाणी दिसायला लागतं, पावसाळ्यात काय सुंदर दिसतं ते, आणि त्या वेळी माझी मान खाली. काय बघते तर बँकेचं ॲप. बॅलन्स. जो मी काल संध्याकाळी बघितला होता आणि रात्रीतून त्यात बदल व्हायचं काही कारण नाही. तारखा लावून बघितल्या तर महिन्याच्या एक ते दहापर्यंत मी ते ॲप सकाळी उघडतच नाही. वीस तारखेनंतर दिवसातून चारदा. म्हणजे ती काळजी आहे, आणि काळजीला हातात काहीतरी लागतं, जसं आजी घरात टेन्शन असलं की जपमाळ घ्यायची. फक्त जपमाळेत दर वेळी तोच आकडा लाल रंगात दिसत नाही.

दुसरी गोष्ट खरेदीच्या ॲपची. दुपारी तीननंतर कार्टमध्ये काहीतरी पडतं. सूती कुर्ता, स्टीलचे डबे, एकदा तर टेराकोटाचं मोठं भांडं. विकत मी काहीच घेत नाही. ऑगस्टच्या शेवटी कार्टमध्ये २३ वस्तू होत्या. एकेक वस्तू कधी टाकली ते आठवत बसले तर बहुतेक सगळ्या त्या दिवसांतल्या होत्या जेव्हा काउंटरवर कोणीतरी बोलून गेलं होतं. स्टीलचे डबे तर मला लख्ख आठवतात, एका गृहस्थांनी बिल माझ्या अंगावर भिरकावलं होतं, त्यांच्या मुलीचे प्लेटलेट २२ हजारांवर आले होते, मी काही बोलले नाही, मागं जाऊन पाणी प्यायले आणि डबे निवडत उभी राहिले, एकावर एक बसणारे, घट्ट झाकणाचे, सहाचा सेट. पाच मिनिटांत माझे हात थरथरायचे थांबले.

त्याला मी वाईट सवय कशी म्हणू? १९८४ साली, म्हणजे फोन सोडा, आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवलच होता तेव्हा, अमेरिकेत ब्रायंट आणि झिलमन या दोघांनी एक प्रयोग केला होता. काही लोकांना रटाळ काम देऊन कंटाळवलं, काहींना ताण येईल अशा कामाला बसवलं, आणि मग म्हटलं टीव्ही लावा, हवं ते बघा. कंटाळलेले लोक धावपळीचे कार्यक्रम बघत बसले, ताणातल्या लोकांनी त्यांच्यापेक्षा शांत कार्यक्रम जास्त निवडले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मन स्वतःच स्वतःला काहीतरी देऊ बघतं. माझ्या मनानं मला डबे दिले, घट्ट झाकणाचे.

पण रात्री जे होतं त्याला मी असं म्हणू शकत नाही. रात्री ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो, पावणेदहा-दहाला, उद्याचं टार्गेट, आज कोणाचं कलेक्शन कमी. नाव घेऊन. मी उत्तर देत नाही, निळी टिक जाऊ नये म्हणून उघडतही नाही, वरच्या पट्टीतूनच वाचते, आणि मग रील्स. माझ्या पेन्सिलीच्या नोंदीत अशा दिवशी रील्सचा वेळ नेहमी पाऊण तासाच्या वर आहे. आणि पाऊण तासानंतर मी जशी होते तशीच, फक्त डोळे चुरचुरतात. पत्राला, वर्तमानपत्राला, अगदी मालिकेलासुद्धा शेवट असतो, तिथं माणूस मान वर करतो. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं बनवलं आणि पुढं त्याला स्वतःलाच त्याचं वाईट वाटलं. मला त्याच्याबद्दल राग नाही. पण मान वर करायची जागा काढून टाकली हे फार मोठं काढून टाकलं असं मला मनापासून वाटतं, कारण 'काऊन' विचारायची जागा तीच असते.

आणि एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकनं एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, त्यांना न सांगता. आनंदी पोस्ट कमी दिसल्या ते लोक स्वतःही थोडं उदास लिहायला लागले, उलट केलं तर उलट. फरक अगदी बारीक होता, २०१४ मध्ये ते छापून आल्यावर गदारोळही झाला. फरक किती हा माझा प्रश्नच नाही. माणसाच्या मनाला असा हात लावायचा आणि त्याला विचारायचंही नाही, सांगायचंही नाही, हे मला सहन होत नाही.

माझी मुलगी नववीत आहे. तिला मी मागच्या वर्षभर एकच वाक्य ऐकवत होते, सगळं त्या मोबाईलमुळे. भाजी नको म्हटली, मोबाईलमुळे. उत्तर दिलं नाही, मोबाईलमुळे. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुलांच्या बऱ्यावाईट वाटण्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनशी जोडता आला. उरलेलं ९९.६ टक्के कुठंतरी दुसरीकडे आहे. हे वाचल्यावर मला माझ्याच वाक्याची लाज वाटली. एका संध्याकाळी ती गच्चीवर इन्स्टा बघत बसली होती, तेच ते दोन-दोन मिनिटांनी उघडून, बंद करून, परत उघडून. मी हिसकलं नाही, जवळ जाऊन बसले आणि विचारलं, काऊन गं? अगदी आईसारखं. पाच-सात मिनिटं ती बोलली नाही. मग सांगितलं की वर्गातल्या मुलींनी नवा ग्रुप केला आणि हिला त्यात घेतलं नाही, आणि ही बघतेय की त्यांच्यातल्या कोणी हिची स्टोरी बघितली का. नाव येईल म्हणून वाट बघत होती. आजी घाट उतरायची वाट बघते तशी, असं माझ्या मनात आलं आणि मी तिला तिच्या आजीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. फोन बाजूला ठेवला की नाही ते मी बघितलंच नाही.

मूडस्कोपचं, ९३ टक्क्यांचं मी आईलाही सांगून बघितलं, भाजी निवडता निवडता. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "त्यात काय? तुझे बाबा ड्युटीवरून येत अन् डबा ओट्यावर ठेवत ना, त्या आवाजावरून मले समजे. जोरात ठेवला का साहेबाशी वाजलं. हळू ठेवला का कुठी तरी काही पाहून आले, रुळावर. अन् मधातच उघडून पाहिला का खुश आहे, भूक लागली."

"मग तू विचारायची? काऊन म्हणून?"

"लगेच नाही. आधी पाणी देओ. मग विचारो."

मेथीची जुडी तशीच हातात धरून मी तिच्याकडे बघत राहिले. बत्तीस लोक, दोन महिने, चार वेळा मूड भरायचा, आणि त्या सगळ्या कामात पाणी कुठंच नव्हतं. त्यांचा तो उद्देशही नव्हता म्हणा.

माझ्या कालनिर्णयातली सगळ्यात कोरी चौकट पोळ्याच्या पाडव्याची आहे, तान्ह्या पोळ्याची. त्याच दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. बाबांचं वर्ष झालेलं नाही म्हणून आईच्या घरी सण नव्हता, पण ती म्हणाली मारबत पाहायले काय हरकत, अन् मग आम्ही तिघी इतवारीत गेलो. काय ती गर्दी. काळी आली, पिवळी आली, मागून बडगे, म्हणजे दुसरे पुतळे, आणि सगळा रस्ता एका दमात ओरडत होता, ईडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत! आई माझा हात घट्ट धरून उभी होती, पदर डोक्यावर, आणि मग तीही ओरडली. घेऊन जा गे. बारीक आवाजात, पण ओरडली. माझ्या मुलीनं मला कोपरानं ढोसलं, आई, आजी बघ. परत येताना एका गल्लीत लहान लहान पोट्टे लाकडी बैल ओढून राहिले होते, आईनं पर्समधून सुटे काढून त्यांना बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिशी, दिला.

रात्री फोनमध्ये बघितलं तर दिवसभराचा वापर १९ मिनिटं. फोटो एकही नाही. कोणी पुढं माझा डेटा काढून बसला तर त्याला त्या दिवशी काहीच दिसणार नाही, एक रिकामी जागा दिसेल, आणि तो समजेल की ही बाई आजारी होती किंवा फोन बंद पडला होता.

परवा मला मधेच जाग आली. ३ वाजून ५ मिनिटं. सवयीनं फोन घेतला, सवयीनं आईचं नाव बघितलं, ऑनलाईन. अंधारात लिहिलं, कुठवर आली?

तिला टाईप करायला वेळ लागतो. बराच वेळ तीन टिंब हलत राहिली.

बैतूल. बावीस मिनटं लेट हाय.

मी उशी भिंतीला लावून बसले. नवरा झोपला होता, पंख्याचा आवाज, खाली कुठंतरी कुत्रं भुंकून थांबलं. मी दुसरं काही उघडलं नाही. चार वाजायला दहा कमी होते तेव्हा फोन हातात थरथरला.

उतरली घाट. झोप आता.